पुढचं दार

आज सकाळी गेले तेव्हा आर्डिसच्या सिंकमध्ये अर्धे बटाटे सोललेले, अर्धे मातीसकट तसेच, आणि ती टेबलाशी सुरी हातात धरून बसलेली. संध्याकाळी चर्चमध्ये ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या बुधवारचं सूप, चाळीस माणसांचं, आणि या आठवड्याची पाळी आम्हा दोघींची. मी मागच्या दारानं शिरले, बूट पायपुसण्यावर काढले, तरी तिनं मान वर केली नाही.

"बावीस मतं," ती म्हणाली. "ट्रॉयला बावीस जास्त."

"ऐकलं मी रेडिओवर."

"चांगला आहे गं पोरगा. माझ्या रविवारच्या वर्गात होता. प्रार्थनेच्या वेळी डोळे उघडे ठेवायचा."

"अजून ठेवतो," मी म्हटलं. ती हसली नाही.

नऊ वर्षं आर्डिस आमच्या शाळा मंडळावर होती. तीन वेळा निवडून आली, ही चौथी खेप, समोर ट्रॉय. एकाहत्तराव्या वर्षी कशाला उभी राहतेस, असं गावात सगळे विचारायचे. ती काहीबाही सांगायची, छपराचं काम अर्धवट आहे म्हणायची. खरं कारण मला ठाऊक होतं. मे महिन्यात बारावीच्या मुलांना प्रमाणपत्रं देतात, तेव्हा मंडळाचे लोक मंचावर बसतात. त्यांच्यापैकी कुणाचं मूल किंवा नातवंड आलं, की अध्यक्ष बाजूला होतो आणि घरचं माणूस पुढे होऊन आपल्या हातानं प्रमाणपत्र देतं. आर्डिसनं नऊ वर्षं दुसऱ्यांच्या मिठ्या पाहिल्या होत्या. या मे महिन्यात तिची नात ब्रिटा येणार होती. आणि ब्रिटा दोन वर्षं आजीच्या घरी आलेली नाही.

दोन वर्षांपूर्वी प्लम क्रीकची छोटी शाळा बंद करायचा ठराव आला. चौतीस मुलं उरली होती. वर्ग गरम ठेवणारा बॉयलर इतका जुना, की जानेवारीत मुलं अंगात कोट घालून फळ्यासमोर बसायची. आर्डिसनं बंद करण्याच्या बाजूनं हात वर केला. त्या शाळेच्या स्वयंपाकघरात तिची सून रेनी चौदा वर्षं राबत होती. त्या दिवसापासून कर्टच्या घरचं रविवारचं जेवण बंद. कर्ट तिचा एकुलता एक मुलगा. रस्त्यात भेटला तर टोपीला हात लावतो, गाईंचं विचारलं तर उत्तर देतो, बस.

मार्चमध्ये आर्डिस पत्रकं घेऊन घरोघर फिरली. गाडी मी चालवली. बाकी सगळीकडे ती मागच्या दारानं गेली, आमच्याकडे सगळेच जातात तशी, हाक मारत. कर्टच्या अंगणात मात्र गाडीतून उतरली आणि जागच्या जागी उभी राहिली.

"कुठल्या दारानं जाऊ?"

"अगं, मुलाचं घर ते! मागच्या."

"आज मी मत मागायला आलेय," ती म्हणाली, कोटाचं वरचं बटण लावलं आणि बर्फ तुडवत पुढच्या दाराशी गेली. तीनदा ठोठावलं. कुणी आलं नाही. पत्रक फटीत खोचून परत आली.

मग वाचनालयातली सभा. ट्रॉय आणि ती शेजारी शेजारी बसलेले, समोर साठ-सत्तर माणसं. मागून कुणीतरी विचारलं, "प्लम क्रीकच्या वेळी वर केलेला हात आज पुन्हा वर कराल का?" रेनी तिसऱ्या रांगेत होती. चुकलं माझं, एवढं म्हटलं असतं तरी आर्डिस निवडून आली असती. मला तरी तसं वाटतं. माझे हात मांडीवर जुळलेलेच होते. आर्डिसनं पाण्याचा घोट घेतला.

"करीन," ती म्हणाली. "मुलं कोट घालून बसत होती."

रेनी उठून गेली.

काल सकाळी मतदानाआधी मी तिच्यासाठी प्रार्थना केली होती. रात्री निकाल लागला. परमेश्वराला त्याचं काम माझ्यापेक्षा चांगलं कळतं, असं मी वहीत लिहिलं आणि दिवा मालवला.

आज आर्डिसकडे जायच्या आधी सुपाला मलई आणायला दुकानात गेले. हल्ली रेनी तिथंच मांस कापायच्या काउंटरवर असते. मी काही विचारलं नव्हतं. तिनंच हातमोजे काढले.

"सासूबाई पुढच्या दारानं आल्या," ती म्हणाली. "विमा विकणाऱ्यासारख्या! त्या दाराला आतून फ्रीझर लावलाय. त्यांनीच दिलेला फ्रीझर, आमच्या लग्नात. विसरल्या?"

"मग तू हाक का नाही मारलीस?"

"मी मागचं दार उघडून उभी होते की! पायात नुसते मोजे. म्हटलं, घराला वळसा घालून येतील. गाडी गेल्याचा आवाज आला." तिनं पुन्हा हातमोजे चढवले. "ब्रिटा मला म्हणते, आई, तूच हट्टी. तुम्हीच सांगा, मी हट्टी?"

"दोघी," मी म्हटलं. मलई घेतली आणि निघाले.

हे सगळं मी आर्डिसला जसंच्या तसं सांगितलं. विम्याचंसुद्धा. तिनं सुरी टेबलावर ठेवली.

"पायात नुसते मोजे?"

"नुसते मोजे."

"त्या थंडीत? खुळी पोरगी." मग तिनं हातांची माती ॲप्रनला पुसली. "एप्रिलच्या शेवटी ट्रॉय माझ्या खुर्चीत बसेल. मेमध्ये मी मंचावर नसणार, लव्हॉन. माझ्या हातानं नाही द्यायला मिळणार."

"नाही," मी म्हटलं.

"समारंभ बघायला शाळेच्या व्यायामशाळेत बसायचं, तरी तिकीट लागतं. एका घराला सहाच मिळतात. मंडळावर होते, तर कधी लागलं नाही मला." ती बोटांवर मोजू लागली. "कर्ट, रेनी, रेनीचे आईवडील, तिची बहीण..."

"पाच झाली."

"बहिणीचा नवरा."

"तो असल्या ठिकाणी झोपतो," मी म्हटलं. आता मात्र ती हसली, आणि हसता हसता तिनं ॲप्रनच्या टोकानं डोळे पुसले.

उरलेले बटाटे मी माझ्याकडे ओढले. आर्डिसनं ॲप्रन खिळ्याला अडकवला, कोट घातला, वरचं बटण उघडंच ठेवलं. रेनी बाराला घरी जेवायला येते. आर्डिस निघाली, कर्टच्या घरी, मागच्या दारानं, सहावं तिकीट मागायला.