आधी पालथं करा

या, अशा जवळ येऊन बसा. दारात उभं राहून 'परत येतो निवांत' म्हणणाऱ्यांतले तुम्ही, मला काय माहीत नाही का? गेल्या खेपेलाही असंच म्हणाला होतात. आणि तो मोबाईल ठेवा बघू खाली. असा नाही, पालथा ठेवा. आता त्याच्या पाठीवर बघा, कुठे स्क्रू दिसतोय का? नाही ना? मग ती वस्तू तुमची नाही.

हे शहाणपण माझं नव्हे हं. आमच्या बिल्डिंगीत जिन्याखाली बसायची, त्या बाईचं. सगळी पोरंटोरं तिला गेमवाली मावशी म्हणायची. कुठलीही वस्तू हातात आली की ती आधी पालथी करायची आणि स्क्रू शोधायची. मिक्सर असो, घड्याळ असो. एकदा संक्रांतीला माझ्याकडे आलेली असताना मी तिच्या हातात वाणाचा प्लॅस्टिकचा डबा ठेवला, तर तोही पालथा करून बघितला आणि म्हणाली, "ह्यात काय न्हाई." ती विधवा होती, म्हणून तिला वाण दिलेलं दोघीतिघींना आवडलं नव्हतं. पण त्या दिवशी सगळ्या हसल्या आणि नाक मुरडायचं राहून गेलं.

आमची ओळख झाली तीही पालथ्या वस्तूवरूनच. पिंपळे गुरवला तेव्हा आतासारखे टॉवर नव्हते. आमची तीन मजली बिल्डिंग म्हणजे मोठी वाटायची. माझ्या दोघा मुलांचा टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम ऐन दिवाळीच्या सुट्टीत बंद पडला. पडद्यावर नुसत्या निळ्या-करड्या रेघा. तेव्हा घरोघरी एकच औषध होतं, कॅसेट काढायची, तिच्या तोंडात जोरात फुंकायचं आणि परत खोचायची. मुलं फुंकून दमली, मग मी फुंकलं. माझ्या फुंकरीनंतर रेघासुद्धा गेल्या.

तेवढ्यात कुणीतरी सांगितलं, खाली नवीन राहायला आलेली बाई असलं काही दुरुस्त करते. मी पदराखाली गेमचा डबा झाकून गेले. तिने माझ्याकडे बघितलंच नाही. डबा पालथा केला, कॅसेट हुंगली आणि म्हणाली, "फुकलं कुणी?"

मी म्हटलं, मीच.

"चूल हाय व्हय ती?"

मग आपल्या हत्यारांच्या पेटीतून शाळेतला साधा खोडरबर काढला आणि कॅसेटच्या पितळी दातांवर घासू लागली. काळा मळ सुटून खाली पडला. तोंडातली वाफ पितळेला लागते, तिने गंज धरतो, असं तिने मला समजावलं. आज फुंकलं की चालतं, म्हणून माणूस रोज फुंकतो आणि रोज थोडं थोडं मारतो. "खोडायचं, ताई. फुकायचं न्हाई." खेळ सुरू झाला. मी वर जाऊन शेजारणीला सांगितलं, बाई फटकळ आहे, पण हात देवाचा आहे.

ती मूळची इथल्याच गावठाणातली. भोसरीच्या एका कंपनीत लायनीवर बसून बारा वर्षं सोल्डरिंग करत होती. सगळ्या बायका ओळीने बसून सर्किटांवर डाग द्यायच्या. बिघडलेला माल मात्र शेवटच्या टेबलावर जायचा आणि त्या टेबलाशी फक्त पुरुष. हिने दोनदा अर्ज केला, मला दुरुस्तीला बसवा म्हणून. सुपरवायझर हसून म्हणाला, बाई, तुम्ही डाग द्या, डोकं आम्ही लावतो. एकदा जेवणाच्या सुट्टीत ती गुपचूप त्या टेबलाशी बसली आणि तीन सर्किटं चालू करून दाखवली. तर शाबासकी राहिली बाजूला, हाताला धरून तिला उठवलं. पुढे कंपनी बंद पडली, नवराही गेला, आणि तिने आमच्या जिन्याखाली स्वतःचं टेबल टाकलं. मला म्हणाली होती, "एकदा उठवलं मला. आता न्हाई उठनार." हे लक्षात ठेवा, पुढचं सगळं यावरच आहे.

टेबलाच्या मागे तिची फळी होती. लोक बिघडलेली मशिनं टाकून नवी घ्यायचे, ती टाकलेली मशिनं दुरुस्त करून फळीवर ठेवायची. मी त्या फळीकडे बघून बघून शिकले. अगदी डावीकडे सगळ्यात जुनं मशीन होतं, कुणाच्या तरी मामाने आखातातून आणलेलं. दोन गोल बटणं, पडद्यावर दोन पट्ट्या आणि एक ठिपका. ठिपका इकडून तिकडे टोलवायचा, बस. त्यानंतर कॅसेटवाली मशिनं. कॅसेटवर लिहिलेलं असायचं, नऊ हजार खेळ. आत खरे सात-आठच, तेच पुन्हा पुन्हा, नुसता आकडा बदललेला. ती म्हणायची, माणसाच्या दिवसांसारखंच की. एकासोबत बदकं मारायची बंदूक होती. ती नव्या चपट्या टीव्हीवर चालत नाही, तिला जुना, मागे पोट सुटलेला पोटाळा टीव्हीच लागतो, म्हणून तिने तो धूडही ठेवून घेतला होता. मग सीडीची मशिनं आली. ती जुनी झाली की आतलं भिंग खचायचं आणि सीडी वाचली जायची नाही. पोरांनी शोध लावला होता, मशीन पालथं घातलं की चालतं. ते ऐकून ही इतकी खूश झाली, जणू तिचा धर्मच कुणी स्वीकारला.

तर अशी पंचवीस वर्षं गेली. पोरं मोठी झाली, कुणी हिंजवडीला लागलं, कुणी चाकणला. त्यांतलाच एक आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी झाला. वाईट नव्हता हो, नेटका होता फार. त्याने नोटीस लावली. जिन्याखालची जागा मोकळी करायची, आगीचा धोका आहे, दसऱ्यानंतरच्या रविवारी भंगाराचा टेम्पो येईल.

तिने नोटीस वाचली, काढली, पालथी करून पाठीमागे बघितली आणि परत चिकटवली. मग वर त्याच्या घरी गेली. मीही मागोमाग गेले. त्याने खुर्ची दिली, चहा विचारला आणि मावशी, भंगारच आहे ना ते, असं समजावणीच्या सुरात सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "चालत न्हाई त्येला भंगार म्हन्त्यात. रविवारी एकेक लावून दावते. जे चालनार न्हाई ते माझ्या हातानं टेम्पोत टाकते. समदं चाललं तर मी हितंच बसनार." तो हसून बरं म्हणाला. पंचवीस वर्षांची धूळ खात पडलेली मशिनं, त्याला काय वाटलं असेल ते तुम्हीच बघा.

आता माझी चूक सांगते. मध्ये आली खंडेनवमी. कंपनीत असल्यापासून तिचा नेम, त्या दिवशी सगळ्या मशिनांना हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. विधवेने कुंकवाला हात लावावा का, असं कुणी पुटपुटलं की म्हणायची, मशिनाला नवरा नसतो. पण त्या वर्षी तिच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. डोळ्यांवर काळा चष्मा, वाकायला बंदी. म्हणून पूजा मी केली. तिने स्टुलावर बसून बजावलं होतं, कुंकू पत्र्याला लावायचं, तोंडाला नाही. तोंड म्हणजे कॅसेट खोचायची फट. मी कुंकू बरोबर लावलं. पण हात जोडले तेव्हा माझं मन भरून आलं, येत्या रविवारची काळजी होतीच, आणि मी ओंजळभर अक्षता सगळ्या फळीवर उधळल्या. अगदी लग्नात टाकतात तशा.

रविवार उजाडला. टेम्पो गेटात उभा. पोटाळा टीव्ही पार्किंगमध्ये स्टुलावर. निम्मी बिल्डिंग जमली. तिने सगळ्यात जुनं लावलं, ठिपका इकडून तिकडे टोलवला जाऊ लागला. एक आजोबा टाळ्या वाजवू लागले. बंदुकीने बदकं पडली. सीडीचं मशीन पालथं घालून चाललं. सेक्रेटरी प्रत्येक वेळी मान हलवत होता. मग आलं कॅसेटचं मशीन, तिने स्वतःच्या टेबलावर दुरुस्त केलेलं पहिलं. कॅसेट आत जाईना. दाबली, तर पडदा काळा.

 टेम्पोवाल्याने मागचा फाळका खाली पाडला. सेक्रेटरी अवघडून म्हणाला, मावशी, शब्द तुमचाच होता.

"शब्द हाय," ती म्हणाली. "पन बिघडलेलं येगळं आन् मेलेलं येगळं. मेलंय का बघू दे."

चष्म्यातून तिला धड दिसत नव्हतं. तिने मशीन उचललं, पालथं केलं आणि कानाशी धरून हलवलं. आत खळखळ वाजलं. ते ऐकून मला तेव्हाच कळलं आत काय आहे. बोटांनी चाचपून तिने पाचही स्क्रू काढले. वरचं झाकण उचललं, मशीन झटकलं. पिवळे तांदळाचे तीन दाणे फरशीवर पडले.

मला वाटलं जमीन दुभंगावी. ती मात्र वाकून (वाकायला बंदी, तरी वाकून) एक दाणा चाचपडत उचलून म्हणाली, "आमच्या ताईंचा आशीर्वाद जरा आत गेला."

हसू फुटलं सगळीकडे. खोडरबर फिरला, झाकण बसलं, कॅसेट आत गेली आणि नऊ हजार खेळांची यादी पडद्यावर आली. टेम्पोवाला म्हणाला, बाई, माझा हॉर्न पण बघा जरा.

सेक्रेटरी हट्टी होता, मीही त्याच्या जागी असते तर झालेच असते. तो वर गेला आणि स्वतःचं मशीन घेऊन आला. काळं, चकचकीत, पाच-सहा वर्षांपूर्वीचं. ते चालू व्हायचं, पण खेळ उघडायचे नाहीत. पासवर्ड मागायचं, तो दिला की सांगायचं, ही सेवा बंद झाली आहे. त्याने विकत घेतलेले सगळे खेळ आतच अडकलेले. मावशीने ते पालथं केलं, बोटं फिरवली. स्क्रू सापडला, त्यावर सीलचं स्टिकर. तेही सोलून आत बघितलं आणि झाकण परत बसवलं.

"हे बिघडलेलं न्हाई, मेलेलंबी न्हाई," ती म्हणाली. "हे जप्त झालंय, बाळा. ह्येला माझ्याकडं इलाज न्हाई." आणि मग हळूच, "तू ल्हान होतास तवा माझ्याकडंच यायचास. लई फुकायचास."

त्याने मशीन छातीशी धरलं आणि वर गेला. जागा मोकळी करायचा ठराव त्याने रद्द केला नाही, पण त्यावर सहीही केली नाही. टेम्पोत दोन गाद्या आणि एक मोडका कुलर गेला.

त्यानंतर दोन वर्षं ती तिथेच बसली. दुरुस्तीला फारसं काही येत नव्हतं. ज्या वस्तू येत, त्यांना बहुतेक स्क्रूच नसायचा. त्या ती परत करताना मालकाला सांगायची, ज्याने बनवली त्याला जाऊन विचार, विकलीस का भाड्याने दिलीस. लोक हसायचे. हसू देत. गेल्या माघात झोपेतच गेली. दहाव्याला सेक्रेटरी वाकडहून आला, आता तिकडे राहतो तो, आणि तिच्या फोटोसमोर कोरा खोडरबर ठेवून गेला.

आता नवी कमिटी आहे आणि जागा मोकळी करायची नवी नोटीस माझ्या नावाने आली आहे, कारण फळीपुढच्या जाळीच्या कुलपाची किल्ली माझ्याकडे. मी तिच्यासारखंच केलं, ती काढली, पालथी करून बघितली आणि परत चिकटवली. रोज सकाळी चहा झाला की जिन्याखाली जाऊन तिच्या स्टुलावर बसते. सोल्डरिंग मला येत नाही. खोडता येतं. मी उठणार नाही, एवढं त्यांना कळवलंय.

तर या. 'परत येतो निवांत' नको, खंडेनवमीला या, जमलं तर तिच्या आधीच या. हळदकुंकू तुम्ही लावा, माझा हात अजून भरवशाचा नाही. फक्त पत्र्याला लावा हं, तोंडाला नको. आणि येताना एक खोडरबर घेऊन या, माझा झिजत आलाय.