गोळ्यांचा लाकडी डबा

शेजारच्या सुतार मिस्त्रीची लेक बोलायला लागली की समोरच्याला धारेवर धरते. त्या सकाळीही तेच झालं. "बाबा, आणखी एकदा आईची साखर चढली ना, तर मी तिला वृद्धांच्या संस्थेत ठेवणार. मग माझ्या नावाने बोटं मोडू नका," असं माझ्यादेखत सुनावून ती निघून गेली. मी जिन्यापलीकडे राहणारा शिंपी, परका माणूस. राग आला, पण पोरीचंही काही खोटं नव्हतं.

वहिनींची, म्हणजे मिस्त्रीच्या बायकोची, आठवण पार गेली होती. स्वतःच्या नवऱ्याला त्या 'काका' म्हणायच्या. लिंबाच्या गोळ्या म्हणजे त्यांचा जीव की प्राण, आणि खाल्लेली गोळी तोंडात असतानाच विसरायच्या. डॉक्टरांनी दिवसाला दोनच सांगितल्या होत्या. बरणी लपवली की वहिनी घर डोक्यावर घ्यायच्या, नाहीतर अनवाणी दुकान गाठायच्या. समोर भरलेली बरणी दिसली की मात्र गप्प बसायच्या.

म्हणून मिस्त्रीने डबा करायला घेतला. जुन्या कपाटाच्या फळ्यांवर रंधा मारला, वर काचेची बरणी उलटी बसवली आणि खाली एका गोळीपुरतं भोक असलेली सरकती पट्टी. पट्टी ओढली की गोळी हातात यायची आणि आत खटका पडायचा. तो खटका मिस्त्रीच्या किल्लीशिवाय उठत नसे. आठवडाभर गड्याला तहानभूक नव्हती.

"बायकोसाठी तिजोरी करतोयस की काय?" मी म्हणालो.

"हसून घे. पण ही घरातून गेली, तर सकाळी उठून मी करू काय?"

डबा तीन दिवस झकास चालला. चौथ्या दिवशी दुपारी मिस्त्रीने मला हाक मारली. वहिनी जमिनीवर बसल्या होत्या. फळ्या जोडणाऱ्या लाकडी खुंट्या चमच्याच्या दांडीने ठोकून काढून त्यांनी अख्खा डबा खोलला होता, तुकडे वर्तमानपत्रावर ओळीने मांडले होते आणि गालात गोळ्या कोंबून एकेक फळी पॉलिशपेपरने घासत होत्या.

चाळीस वर्षं त्यांनी हेच काम केलं होतं. मिस्त्री प्रत्येक वस्तू आधी नुसत्या खुंट्यांवर उभी करायचा. वहिनी ती खोलून घासायच्या, पॉलिश करायच्या. सांध्यांना सरस लागायचा तो त्यानंतर. हा डबाही त्याने सवयीने तसाच, सरस न लावता ठेवला होता.

"तिच्या हाताखालून गेल्याशिवाय मी आजवर काही चिकटवलंच नाही रे," तो म्हणाला. "माझ्या ध्यानातच आलं नाही."

वहिनी मान वर न करता म्हणाल्या, "काका, ही खुंटी ढिली आहे. आमच्या ह्यांना सांगा."

"सांगतो," मिस्त्री म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून रडला. मग त्यानेच त्यांच्या तोंडातल्या गोळ्या काढल्या.

तिथे मी शहाणपणा पाजळला. "आता सरस लाव आणि मोकळा हो. पोरीला कळलं तर संपलंच." त्याने फळ्या गोळा केल्या. संध्याकाळी त्याने सरस लावला.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी डबा आडवा केला आणि खुंटीवर चमचा ठोकला. खुंटी हलली नाही. दुसरी ठोकली, तिसरी ठोकली. मग चमचा खाली ठेवून त्या आपल्या हातांकडे बघत बसल्या.

"मला येत होतं हे," त्या म्हणाल्या. "येत होतं ना मला?"



त्यानंतर त्यांनी डब्याला हात लावलेला नाही. मिस्त्रीने गोळी पुढे केली तरी तोंड फिरवतात. साखर ताब्यात आहे, लेक खूश आहे, संस्थेचं नाव कोणी काढत नाही. वहिनी दिवसभर खिडकीपाशी बसून असतात. आणि मला माझ्या जिभेची लाज वाटते.

परवा मिस्त्री म्हणाला, "घरात ठेवली रे तिला, पण घरात ती आहे कुठे?"