गावाला ठाऊक असलेला माझा संसार

नवरा वारला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी जळकोट सोडलं. नळदुर्गच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली होती. आईनं भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून दिली आणि खिडकीशी येऊन म्हणाली, "तिकडं तुला कुणी वळखत न्हाय, तेच बरं हाय." नवरा एचआयव्हीनं गेला आणि तोच आजार मलाही आहे, हे फक्त तिला माहीत होतं. दादा-वहिनीला आम्ही टीबी सांगितला होता.

पुण्यात एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये चपात्या लाटायचं काम मिळालं. गोळ्या सुरू झाल्या, जीव वाचला. पण काही वर्षांत गाल आत गेले, हातापायांच्या काड्या झाल्या आणि पोट मात्र घट्ट, गोल होत पुढं आलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, जुन्या गोळ्यांनी काहींच्या अंगातली चरबी अशी जागा बदलते. त्यांनी गोळ्या बदलल्या. तपासणीत शुगरही निघाली.

"पोट जाईल ना?" मी विचारलं.

"पहिल्यासारखं होईल, असं नाही सांगत."

त्याच वर्षी दादाच्या कोमलचं लग्न निघालं. लई हौसेनं गेले. ओसरीवर बायका बांगड्या भरत होत्या. मी आत पाऊल टाकलं आणि बोलणं थांबलं. नवरा नसलेली बाई, आणि एवढं पोट. वहिनीनं मला आतल्या खोलीत ओढलं. "कितवा हाय?"

मी आईकडं पाहिलं. वहिनीला बाहेर पाठवून तिनं दार लोटलं. "खरं सांगू का आई?"

"रोगाचं नाव काढलंस तर पोरीचं लगीन मोडंल. पोटाचं म्या बघते."

हळद लागायच्या आधी मी निघाले. दादा घरातच होता, पण बाहेर आला नाही.

आईनं गावात सांगितलं, माझ्या लेकीनं पुण्यात दुसरं लग्न केलं. पुढं बायका विचारू लागल्या, काय झालं? ती म्हणाली, मुलगा. फोनवर मला हे सांगताना रडत होती. "काय तरी सांगावंच लागतं की गं."

आता तो पोरगा शाळेत जातो. अभ्यासात हुशार आहे, म्हणे. शुगरची गोळी उपाशीपोटी चालत नाही, म्हणून इथं मी एकटीपुरती भाकरी थापते. गाव सोडलेल्या बाकीच्यांना निदान दिवाळीला तरी परत जाता येतं. मी जाऊ कशी? माझ्या घरात माझ्या जागी दुसरीच बाई नांदतेय, सवाष्ण, लेकुरवाळी. तिला सोडून एकटी मी दारात उभी राहिले, तर आई गावाला काय तोंड दाखवणार?

गेल्या महिन्यात दादाचा फोन आला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

"झालं गेलं जाऊ दे," तो म्हणाला. "आई लई थकलीय. पावण्यांना आन् भाच्याला घिऊन ये एकदा."

मी म्हणाले, "येते दादा. त्याची परीक्षा झाली की येते."