आमच्या हॉलमधला समुद्र

मुलांनो, गोड बोलून दुसऱ्याचं घर ताब्यात घेणारा तुमच्या काकाआजोबांसारखा माणूस पेणपासून रोह्यापर्यंत दुसरा झाला नाही आणि होणारही नाही. तुमच्या आजोबांचे हे धाकटे भाऊ. रोह्याला एकटे राहतात. धाटावच्या एका कंपनीत प्रयोगशाळा सांभाळून निवृत्त झाले. आयुष्यात कधी आवाज चढवला नाही, आमटी खारट झाली तरी दुसऱ्यांदा मागून घेतली. तुम्हाला ते फार आवडतात हे मला ठाऊक आहे. तुम्ही हजारो मैलांवर राहता म्हणून आवडतात. मी पेणला राहते आणि रोह्याहून इथे यायला त्यांना जेमतेम तासभर लागतो, हे लक्षात घेऊन पुढचं वाचा.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे. "वहिनी, एक विचारू का?" हे वाक्य ऐकलं की मी उत्तर देत बसत नाही, आधी खिडकीतून फाटकाकडे बघते. कारण जे विचारायचं ते तोवर टेम्पोतून उतरलेलं असतं. "वहिनी, एक विचारू का? तुमच्या माळ्यावर अंधार असतो ना?" असं त्यांनी एकदा विचारलं, तेव्हा अळिंबी लावलेल्या भिजक्या पेंढ्याच्या पिशव्या माळ्यावर चढून दोन दिवस झाले होते. मधमाश्यांची पेटी त्यांनी एसटीतून शेजारच्या सीटवर ठेवून आणली आणि कंडक्टरला सांगितलं, "झोपल्यात, उठवू नका." खिशात पेनाऐवजी थर्मामीटर असतो. तुमच्या आत्याच्या लग्नात त्यांनी तो जिलबीच्या पाकात बुडवून पाहिला. आचारी झारा घेऊन अंगावर आला, तर हे म्हणाले, "तुमचा अंदाज बरोबर होता हो, मी फक्त खात्री केली." आचाऱ्याने त्यांना पहिली जिलबी दिली. असं सगळं त्यांना पचतं. निस्तरायला मी असते.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात तुम्ही आलात. कोकणात जायचं म्हणजे समुद्र, असं तुमच्या बाबाने अनूला विमानात सांगून ठेवलं होतं आणि इथे पोचल्यावर त्याला रजाच पुरली नाही. तुम्ही रोह्याला जाऊन कुंडलिका नदी पाहिली, आंबे खाल्ले, आणि निघायच्या दिवशी पाच वर्षांची अनू फाटकात उभी राहून म्हणाली, "आजी, तुझ्याकडे समुद्र नाहीच." सगळे हसले. काकाआजोबा गाडीच्या टपावर तुमच्या बॅगा बांधत होते, ते हसले नाहीत. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

पावसाळा सुरू झाला आणि एका सकाळी ते दारात उभे. "वहिनी, एक विचारू का? भावाची आरामखुर्ची तुम्ही हल्ली वापरत नाही ना?" मी फाटकाकडे पाहिलं. चार माणसं पलंगाएवढी काचेची टाकी उतरवत होती. रोह्याच्या त्यांच्या घरी ती का नको, तर म्हणे तिसरा मजला, वजन झेपायचं नाही, शिवाय धाटावच्या कारखान्यांची हवा पंपाने पाण्यात जाईल. माझ्या घरची हवा मात्र चालते. मी म्हटलं, "भावजी, समुद्र इथून तास-दीड तासावर आहे. फुकट आहे. पुढच्या वेळी पोरांना गाडीत घाला आणि दाखवून आणा." ते शांतपणे म्हणाले, "तो सगळ्यांचा आहे, वहिनी. ती आजीच्या घरचा समुद्र विचारत होती." तुमच्या आजोबांच्या माघारी मी जपलेली त्यांची खुर्ची व्हरांड्यात गेली.

आता संताप कशाचा म्हणून सांगू? मिठापासूनच सुरुवात करते. पेण हे मिठागरांचं गाव. खाडीकाठच्या गावांतून पिढ्यान् पिढ्या मीठ पिकतंय, आणि या गृहस्थांनी आमच्या समुद्रासाठी परदेशी मिठाच्या बादल्या मागवल्या. मासे घेऊन येणारी हिराबाय तुम्हाला आठवत असेल, तिच्या घरचं मिठागर आहे. तिने बादलीत डोकावून बोट घातलं, चाखलं, आणि कमरेवर हात ठेवून विचारलं, "काय वो काका, आमचा मीठ काय गोड हाय काय?" काकाआजोबांनी तिला पाटावर बसवून समजावलं की खाण्याच्या मिठात समुद्रातले बाकीचे क्षार उरत नाहीत आणि पोवळ्यांना ते सगळे लागतात. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाली, "आज्जी, यांचा लगीन येलेवर कराया पायजे व्हता."

मग टाकीत सच्छिद्र दगड रचले, पाणी भरलं, पंप सुरू केला, आणि मासे? मासे नाहीत. "दगड मुरायला हवेत," म्हणाले. जसं काही कैरीचं लोणचं घातलंय. दगडांवर चांगले जिवाणू वाढले पाहिजेत आणि त्यांना सुरुवातीला खायला काहीतरी कुजकं हवं, म्हणून त्यांनी हिराबायकडून उलटीपालटी करून, वास घेऊन, उत्तम ताजी कोलंबी निवडली आणि टाकीत सडायला सोडली. हिराबाय दुसऱ्या दिवशी तो प्रकार पाहून हतबुद्ध झाली. "सडवायचीच व्हती तं निवडून कशाला घेतलाव?" या एका प्रश्नावर तिचं आणि माझं जे एकमत झालं ते आजतागायत टिकून आहे. दीड महिना मी, घरात पाहुणे येतील या भीतीने उदबत्त्या लावत, निळ्या उजेडात ठेवलेले दगड बघत जेवले.

दगड मुरले आणि दोन मासे आले, केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेले, माझ्या अंगठ्याएवढे. आमच्या घरात मासा आजवर फक्त स्वयंपाकघराच्या वाटेने आला होता. हे दोघे हॉलमध्ये उतरले आणि त्यांच्यासाठी एसी लागला. ज्या घरात मी लग्न होऊन आल्यापासून पंख्याखाली उन्हाळे काढले, त्या घरात माशांना उकडू नये म्हणून एसी! वीज गेली की नवा इन्व्हर्टर टाकीचे पंप चालवतो. माझा पंखा त्यावर नाही. "पंप थांबले तर ते गुदमरतील, वहिनी. तुम्ही व्हरांड्यात बसू शकता." टाकीतलं पाणी उडतं पण मीठ मागे राहतं, म्हणून रोज सकाळी वरून गोडं पाणी घालायचं, तेही गाळून गाळून जीव गेलेलं. पाण्यातली घाण ओढणाऱ्या एका यंत्राच्या कपात तपकिरी फेस जमतो, तो ते दर खेपेला नाकापाशी नेऊन बघतात आणि प्रसन्न होतात. संध्याकाळी आमच्या खिडकीतून निळा उजेड रस्त्यावर पडतो. समोरच्या जोशीबाईंनी मला हळूच विचारलं की तुमच्याकडे कुणाला ऑक्सिजनवर ठेवलंय का.

आणि या सगळ्याची तुम्हाला गंधवार्ता नाही, कारण त्यांनी मला शपथ घातली आहे. अनूने दारातून आत यावं आणि समोर समुद्र दिसावा, तोवर कुणी बोलायचं नाही. म्हणून दीड वर्ष व्हिडिओ कॉलवर मी तुम्हाला स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभी दिसते. तुमची आई मागे म्हणालीसुद्धा, "आई, जरा हॉलमध्ये बसून बोलत जा, किती काम कराल." जानेवारीत पंपाचा आवाज ऐकून अनूच्या दादाने विचारलं, "आजी, पाऊस पडतोय का?" मी हो म्हटलं. जानेवारीत! जन्मभर शाळेत मुलींना इंग्रजी व्याकरण शिकवलं, एक कॉमा इकडचा तिकडे होऊ दिला नाही, आणि म्हातारपणी हवामानाविषयी खोटं बोलले.

पोवळी त्या हिवाळ्यात आली. समुद्रातलं पोवळं काढायला आपल्याकडे बंदी आहे, ही दुसऱ्या कुणाच्या टाकीत वाढवलेल्या मऊ पोवळ्यांची कलमं. थर्माकोलचा डबा मुंबईहून मांडीवर घेऊन आले, शेजारी जागा रिकामी असून डबा खाली ठेवला नाही. मला पोवळं माहीत होतं ते अंगठीतलं. हे सुरुवातीला चिकट लेंड्यांसारखं दिसलं आणि मी तसं म्हटलंही. पण महिन्याभरात ते उमललं. शेकडो बारीक हात निळ्या उजेडात एकदम एका बाजूला झुकायचे आणि एकदम परत यायचे. ते बघत मी एकदा भाजी करपवली. दोष अर्थात त्यांचाच.

तुमचं गेल्या दिवाळीत यायचं ठरलं होतं. त्याआधी श्रावणात नारळी पौर्णिमा आली. मी आत नारळीभाताला लवंगांची फोडणी देत होते, काकाआजोबा मागच्या मोरीवर गाळणीचं कापड धूत होते. हिराबाय नवं लुगडं नेसून आली, हॉलमध्ये गेली, आणि हळदकुंकू लावलेला, फूल खोवलेला नारळ तिने हात जोडून टाकीत सोडला. "दर्या घरान आनलाव, न नारल कोन देनार?" असं ती मला सांगत होती आणि तिच्या मागे पाण्यात कुंकू पसरत होतं. ज्या पाण्यात काकाआजोबा साबणाचा हात धुतल्याखेरीज मला बोट बुडवू देत नाहीत, त्या पाण्यात! ते कापड पिळत बाहेर आले. पाहिलं. मला वाटलं, आता तरी हा माणूस एकदा ओरडेल. त्यांनी ओल्या कापडासकट हात जोडले आणि विचारलं, "हिराबाय, किती वेळ ठेवायचा असतो?"

"ते दर्या ठरवतो," ती म्हणाली.

ती चहा घेऊन, नारळीभात खाऊन, सुनेच्या चार तक्रारी सांगून जाईपर्यंत त्यांनी नारळाला हात लावला नाही. मी त्यांना फैलावर घेतलं. ते म्हणाले, "तिने मनापासून दिला, वहिनी."

"मनापासून दिलेलं कुंकू कमी लाल असतं का?" मी विचारलं. ते नारळ काढून पाण्याच्या बादल्या भरायला लागले होते.

पोवळी मुठीसारखी मिटली. एक तर विरघळूनच गेलं. काकाआजोबा रोह्याला गेलेच नाहीत, एसीच्या गारठ्यात माझी शाल पांघरून सोफ्यावर झोपायचे, सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं पाणी बदलायचे. बोलायचे फक्त माशांशी. एका सकाळी मी गोडं पाणी घालायला गेले तर कोपऱ्यातल्या कलमाचे दोन-चार हात बाहेर आलेले. मी हाक मारली. ते अर्धी दाढी झालेली, गालाला फेस, तसेच धावत आले आणि काचेपाशी खाली बसले. फेस सुकून गेला.

आणि मग तुमचा फोन आला की शाळेचं काहीतरी आहे, दिवाळीत जमत नाही, बघू पुढे. तुमचा दोष नाही, शाळा शाळाच असते. मी हॉलमध्ये येऊन सांगितलं. ते जुन्या टूथब्रशने काच घासत होते. "बरं झालं," म्हणाले, "पोवळ्यांना वेळ मिळेल." आणि काचेचा तोच स्वच्छ भाग घासत राहिले.

जेवणं झाल्यावर म्हणाले, "वहिनी, एक विचारू का?" मी सवयीने खिडकीशी गेले. फाटकात काहीच नव्हतं. ना टेम्पो, ना माणसं. मी वळून पाहिलं तर ते उत्तराची वाट बघत होते.

"टाकी काढून टाकू का? तुम्हाला फार त्रास होतो."

सव्वा वर्ष मी हेच म्हणत होते. हिराबायला, जोशीबाईंना, दूधवाल्याला, सगळ्यांना सांगून झालं होतं. मी म्हटलं, "आत्ता कुठे दगड मुरलेत. उगाच काहीतरी बोलू नका. आणि ते मीठ संपत आलंय, मागवा."

आता त्यांचे गुडघे दुखतात, रोज येणं होत नाही. पाण्याचा खारेपणा मीच मोजते, फेसाचा कपही मीच धुते, वास मात्र घेत नाही. मी हॉलमध्ये आले की ते दोन मासे काचेपाशी येऊन माझ्याबरोबर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतात. आजोबांची खुर्ची मी व्हरांड्यातून परत आत घेतली आहे, टाकीसमोर. ही शपथ मोडल्याचं कळलं तर काकाआजोबा रागावणार नाहीत. त्यांना रागावता येत नाही, हीच तर माझी मूळ तक्रार.

अनू आता सात वर्षांची झाली, ती तो प्रश्न विसरलीही असेल. तरी तिला सांगा. समुद्र आहे. दारातून आत आलं की डावीकडे.