ऐकून तपासले – वाव्हळे सर

हे आजवर कुणालाच बोलले नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. एकदा एका मैत्रिणीपुढे सांगायला तोंड उघडलं होतं, पण ती मध्येच म्हणाली, "तू किती पुण्याचं काम करतेस गं" – आणि मी चहा गाळायला उठले. तेव्हा तुम्हीच पहिले. तुम्ही मला ओळखत नाही, तेच बरं आहे.

वडवणीला माझा टायपिंगचा क्लास आहे. दुपारी पोरी-पोरं नसतात, तेव्हा मी एक फुकटचं काम करायची. फुकटचं म्हणजे पैसे न मिळणारं – मिळायचं ते वेगळंच, त्यावर येतेच. अंध माणसांसाठी एक मोफत सॉफ्टवेअर आहे. कॉम्प्युटरच्या पडद्यावर जे असेल ते मोठ्याने वाचून दाखवतं. त्याला जोडायचे छोटे छोटे प्लगइन कुठकुठले लोक बनवत असतात. एखादा गणिताची चिन्हं बोलतो, एखादा मोठे तक्ते ओळीओळीने वाचतो. ते कसे बसवायचे, कुठलं बटण दाबलं की काय होतं, हे सगळं एका विकीवर लिहिलेलं असतं. विकी म्हणजे सगळ्यांनी मिळून लिहायचं संकेतस्थळ. कुणीही पान लिहावं, कुणीही दुसऱ्याची चूक सुधारावी. त्यातला मराठी विभाग ओसाड पडला होता. तो मी भरायला घेतला.

घेतला कसला – वाव्हळे सरांनी मला त्यात ढकललं. सर आठवीला आम्हाला गणित शिकवायचे. नोकरीत असतानाच काचबिंदूने त्यांचे डोळे गेले. निवृत्त झाल्यावर ते सिरसाळ्याला, आपल्या गावी राहायला गेले. रडत बसले नाहीत, उलट आधीपेक्षा जास्त खेकसायला लागले. कानाने कॉम्प्युटर शिकले. आणि एक दिवस काकूंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, हात धरून माझ्या क्लासवर आले, खुर्ची चाचपून बसले आणि म्हणाले, "सुरेखा, मराठीत एक पान न्हाई. कावून न्हाई?" जशी काही ती माझीच चूक होती.

सरांना स्वतःच्या पाठांतराचा भारी गर्व होता. शाळेत हजेरीची वही न उघडता अख्ख्या वर्गाची हजेरी घ्यायचे. डोळे गेल्यावर तर त्यांनी सगळं जगच डोक्यात मांडून ठेवलं – कुणाचा फोन नंबर, कुठली गोळी कुठल्या डबीत, परळीची कुठली गाडी कधी येते. "डोळं गेलं तर गेलं," म्हणायचे, "डोकं हाय ना जाग्यावर." हे वाक्य त्यांनी माझ्यासमोर कितीदा तरी म्हटलं असेल.

आमच्या मराठी विभागात त्यांनीच एक पद्धत घालून दिली होती. पान डोळस माणसाने लिहिलं तरी चालेल. पण एखाद्या अंध माणसाने ते नुसतं ऐकून, कुणाला पडद्याकडे बघायला न लावता, स्वतः करून पाहिल्याशिवाय ते पूर्ण धरायचं नाही. करून पाहिलं की पानाच्या तळाशी एक ओळ यायची – "ऐकून तपासले", आणि पुढे त्या माणसाचं नाव. विकीचं लिहायचं पान तेव्हा त्या सॉफ्टवेअरच्या आवाजाशी नीट जुळत नव्हतं. म्हणून सर तपासून फोन करायचे, "बरोबर हाय" म्हणायचे, आणि त्यांचं नाव मी टाकायची. कुणाला त्यात गैर वाटायचं कारण नव्हतं. सरांचा माझ्यावर विश्वास होता.

"बरोबर हाय" मात्र सहजासहजी मिळायचं नाही. "वरच्या कोपऱ्यातलं बटण दाबा, आसं लिवलंय तू. मला कोपरा कुठं हाय गं?" पुन्हा लिहा. पुन्हा पाठवा. पुन्हा फोन – "आता ही खूण कुठल्या रंगाची हाय ते लिवलंस. शाबास." मी हसायची, आणि आतून जळायची. इकडे विकीवर लोक माझं कौतुक करत होते. मराठी विभाग म्हणजे सुरेखाताई, असं कुणीकुणी लिहायचं. मला आवडायचं ते. खूप आवडायचं. घरात ज्या बाईला भाजीत मीठ कमी पडलं एवढंच ऐकायला मिळतं, तिला ते किती गोड लागत असेल? – हे बघा, लगेच स्वतःची बाजू मांडायला लागले. सोडा ते.

संभाजीनगरला विकीवर लिहिणाऱ्या आमच्यासारख्या लोकांचा मेळावा होता. मला बोलायला बोलावलं होतं. यादीतल्या सगळ्या प्लगइनची पानं मराठीत पूर्ण झाली, असं मला तिथं सांगायचं होतं. एकच पान राहिलं होतं. आवाजी पुस्तकं – म्हणजे कुणीतरी वाचून रेकॉर्ड केलेली पुस्तकं – नीट लावून ठेवणारा एक प्लगइन. पान लिहून मी सरांना पाठवलं होतं. पण सरांना ताप आला. अंग असं धरलं की उठून बसता येईना. काकू फोन उचलून म्हणायच्या, "ग्लानीतच हायत गं. मधीच बडबडतेत, मधीच झोपतेत."

मी पान उघडलं. तळाशी लिहिलं – "ऐकून तपासले – वाव्हळे सर".

एवढंच. मी ते सगळं माझ्या कॉम्प्युटरवर करून बघितलं होतं, बरोबर चाललं होतं, मग सर तरी वेगळं काय सांगणार होते? बरे झाले की सांगू, असं ठरवलं. मेळाव्यात टाळ्या पडल्या. सर बरे झाले. मी सांगितलं नाही.

आता त्या पानात काय चुकलं होतं ते सांगते. प्लगइन पहिल्यांदा चालू केला की पडद्यावर एक चौकट यायची – या फोल्डरमधलं जुनं सगळं पुसून नव्याने सुरुवात करायची का? 'हो' आधीच निवडलेलं असायचं. मी चौकट बघितली, माऊसने 'नाही'वर टिचकी मारली आणि पानावर लिहिलं, "एंटर दाबा, सूचना येईल, ती वाचून उत्तर द्या." पण ती चौकट बोलतच नव्हती. बनवणाऱ्याकडून तेवढं राहून गेलं होतं. मला ती दिसली, म्हणून ती आहे असं मी धरून चालले. डोळे असलेलं माणूस दुसरं काय धरणार? आणि कानाने काम करणाऱ्या माणसाला एंटर दाबल्यावर काहीच ऐकू आलं नाही, तर तो काय करतो? त्याला वाटतं बटण नीट दाबलं गेलं नाही. तो पुन्हा एंटर दाबतो. सरांना हे पहिल्या मिनिटाला कळलं असतं. ते माझ्यावर ओरडले असते, मी पान सुधारलं असतं, आणि आज मी तुमच्याशी बोलत नसते.

तेलगावच्या विकासने दुसऱ्यांदा एंटर दाबलं. विकास जन्मापासून अंध. लिपिकाच्या परीक्षेचा अभ्यास करत होता. त्याची सगळी पुस्तकं त्याच्या बहिणीने, जयश्रीने, वाचून रेकॉर्ड केली होती. लग्नाआधी ती रोज भाकरी उरकून त्याच्यासाठी वाचायची. मग तिचं लग्न झालं, नवऱ्याबरोबर ती ऊसतोडीला गेली. कारखान्याच्या कडेला कोपीत, पाचटाच्या झोपडीत राहायचं आणि अंधारात उठून उसाच्या फडात जायचं. पुन्हा वाचायला ती कुठून येणार? परीक्षा तोंडावर होती. फोल्डर रिकामं झालं.

त्याने पानाखालच्या चर्चेत लिहिलं. शिवी नाही, काही नाही. "यावर सरांचं नाव होतं म्हणून मी निर्धास्त केलं," एवढंच होतं. मी ते वाचलं आणि क्लासचं शटर अर्धं ओढून आत बसून राहिले. मला भीती वाटली. त्याच्या पुस्तकांचं वाईट वाटलं का? वाटलं – पण नंतर. पहिल्यांदा भीतीच वाटली, आता लोक मला काय म्हणतील याची.

संध्याकाळी सरांचा फोन आला. आवाज खाली होता. "सुरेखा, ते पान म्या तपासलं व्हतं का गं? मला काईच याद न्हाई."

इथे थांबते जरा. कारण या जागेपर्यंत सगळं सुधारता आलं असतं. आळस म्हणा, हाव म्हणा – माणसाच्या हातून होतं. पुढचं तसं नाही.

मी म्हणाले, "हो सर. तुम्हाला ताप होता ना, तेव्हाच तपासलंत. फोनवर बरोबर हाय म्हणालात."

सर म्हणाले, "आसंल."

विकासची माफी मागायला जायचं त्यांनीच ठरवलं. मी म्हटलं, फोनवर बोला. ऐकले नाहीत. एसटीने तेलगावला उतरले. काकूंचे गुडघे दुखत होते, म्हणून मला म्हणाले, तू वडवणीहून ये, मला त्याच्या घरी ने. मी गेले. कापसाच्या गाड्यांच्या गर्दीतून त्यांचा हात धरून मी त्यांना विकासच्या दारात नेलं. ज्या माणसाचा मी बळी दिला होता, त्याला मीच सांगत होते – सर, इथं पायरी आहे.

सरांनी हात जोडले. विकासला ते दिसले नाहीत, आणि त्याला दिसले नाहीत हे सरांनाही दिसलं नाही. ते फक्त मला दिसलं. "पोरा, माझ्याकडून लई मोठी चूक झाली," सर म्हणाले, "तापात व्हतो. पण त्याला काय अर्थ न्हाई."

विकास म्हणाला, "जाऊ द्या सर. तुमी बी माझ्यावानीच." मग माझ्या दिशेला मान वळवून म्हणाला, "ताई, तुमी तर आमच्यासाठी एवढं लिवता. तुमाला बी उगंच तरास झाला." त्याच्या आईने माझ्यापुढे चहा ठेवला. मी तो प्याले. साखर जास्त होती, हेसुद्धा मला आठवतं – किती नालायक असते आठवण, नाही का?

विकासने ती परीक्षा दिली नाही. पुढच्या वेळी दिली, निवड झाली नाही. आता भावाच्या दुकानात बसतो.

पण मला सांगायचंय ते सरांचं. त्यांनी तपासायचं काम सोडलं. मी चार वेळा विनवलं – हो, तेवढी निर्लज्ज मी आहे. म्हणाले, "माझ्या डोक्याचा भरवसा न्हाई आता." मग काकू सांगायला लागल्या. गोळी घेतली की नाही, दोनदोनदा विचारतात. कडी लावली का बघ म्हणतात, आणि थोड्या वेळाने पुन्हा म्हणतात. एकटे स्टँडवर जायचे, ते बंद केलं. फोन नंबर पाठ असूनही सांगताना अडखळतात, आणि म्हणतात, थांब, चुकत आसंल माझं. मुलाने अंबाजोगाईला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी आकडे विचारले, वार विचारले, गोष्ट सांगून पुन्हा सांगायला लावली. म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम आहे, काही झालेलं नाही. घरच्यांना हायसं वाटलं. सरांना नाही. बाहेर येऊन काकूंना म्हणाले, "डॉक्टरला काय ठावं? म्या एक अख्खं पान इसरलोय."

खोटं नव्हतं डॉक्टरांचं. फक्त त्यांच्यावर विश्वास कुणी ठेवायचा? सरांचा विश्वास माझ्यावर होता.

त्या पानावरची चूक मी लगेच सुधारली होती. "चौकट बोलत नाही, सावध राहा" असं ठळक लिहिलं आणि खालची सरांच्या नावाची ओळ काढून टाकली. विकीवर चूक सुधारायला अर्धं मिनिट लागतं. त्यानंतरही मी पानं लिहीत राहिले. तपासायला आता परभणीची एक मुलगी आहे, हुशार आहे. कौतुक अजून होतं.

महिन्यातून एखाद्या रविवारी मी सिरसाळ्याला जाते. काकूंना आनंद होतो. म्हणतात, तू आलीस की यांना बरं वाटतं. सर आताशा ओरडत नाहीत. मी काही चुकीचं बोलले तरी टोकत नाहीत. चूक माझी की त्यांची, याची त्यांना खात्री नसते. मी पेपर वाचून दाखवते. ते मान खाली घालून ऐकतात. आणि निघायच्या वेळी, काकू आत गेल्या की, हळूच विचारतात. दर वेळी विचारतात. "सुरेखा, ते पान... म्या खरंच बरोबर हाय म्हणलं व्हतं का गं?"

मागच्या रविवारीही विचारलं. चेहरा माझ्याकडे वळवून, कान देऊन, उत्तराची वाट बघत बसले होते.

मी म्हणाले, "हो सर."