सहा नंबरचा फोटो

वसुधा गेल्याचं तिच्या सुनेनं सकाळी सातला फोन करून सांगितलं. मी गॅसवर दूध ठेवलं होतं. "मावशी, आई गेल्या... झोपेतच," एवढं बोलून ती रडायला लागली आणि इकडे माझं दूध उतू गेलं. फोन ठेवला, ओटा पुसला, खुर्चीत बसले आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं: "मेली सटवी, न सांगताच गेली!" घरात दुसरं कुणी नव्हतं म्हणून बरं. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. ज्यांना जमतं त्यांनी खुशाल बोलावं. मी सव्वा महिना थांबले, आता लिहिते.

आम्ही आठवीत होतो. ड्रॉइंगच्या बाईंनी आपल्या भावाचा डबा कॅमेरा शाळेत आणला आणि फोटो मंडळ काढलं. एका रोलवर आठ फोटो निघत, म्हणून मंडळात मुलीही आठच. एकीला एक फोटो, आणि कॅमेरा ओळीनं एकेकीच्या घरी जायचा. आधी महिनाभर बाईंनी आम्हाला रोल न घातलेल्या कॅमेऱ्यावर श्वास रोखून बटण दाबायला शिकवलं. कॅमेऱ्याच्या पाठीला लाल काचेची चिमुकली खिडकी होती, तिच्यात फोटोचा नंबर दिसायचा. फोटो काढला की बाजूची किल्ली फिरवून पुढचा नंबर आणायचा आणि मगच कॅमेरा दुसरीच्या हातात द्यायचा. "जिचा फोटो, तिचीच किल्ली," हा बाईंचा नियम. वसुधा मंडळाची मॉनिटर. मधल्या सुट्टीत तिनं आम्हाला स्वतःचा शोध ऐकवला. "अगं, नंबर बदलला तरच रोल खर्च होतो. किल्ली फिरवायच्या आधी पाहिजे तेवढे फोटो काढा, एकदम मुफ्त!" धुतलेला रोल तोवर आमच्यापैकी कुणी पाहिलाच नव्हता. आम्हाला ते पटलं, मलासुद्धा.

वसुधाचे पूर्वज दख्खनेतून दौत-लेखणी घेऊन दरबारात आले, आमचे भाला घेऊन. वडिलांना मी दादा म्हणायची. दादा संस्थानच्या पलटणीत होते. संस्थान विलीन झालं, पलटण मोडली, आणि ते सचिवालयात फायलींचे गठ्ठे बांधायच्या कामाला लागले. त्यातही त्यांनी मन रमवलं. मग राज्यांची नवी मांडामांड झाली, राजधानी आमच्या शहरातून भोपाळला गेली. फायली निघाल्या, त्यांच्या मागं माणसं निघाली. दादांना दोन दिवसांत निघायचा हुकूम आला. आम्ही परीक्षा झाल्यावर जाणार होतो. दादांचा एकही फोटो घरात नव्हता आणि नेमका त्या दिवशी कॅमेरा माझ्याकडे होता, सहा नंबर लागला होता.

फूलबागेत त्यांना उभं केलं. त्यांनी ट्रंकेतून पलटणीचा कोट काढून घातला होता. कोट पोटावर बसेना, म्हणून श्वास ओढून उभे राहिले. "लवकर दाब गं पोरी, जीव जाईल माझा," म्हणाले आणि हसले. मी तेवढ्यात बटण दाबलं. टांगेवाला घाई करत होता, आईनं डोळ्यांना पदर लावला होता आणि मलाही रडू फुटलं. वसुधा सोबत आली होती, सात नंबर तिचाच. तिनं माझ्या हातून कॅमेरा घेतला. "दे इकडे, किल्ली मी फिरवते. तू दादांना सोडून ये." मी दिला. मी नियम मोडला तो तेवढाच, हे कबूल.

तीन आठवड्यांनी इंदरगंजच्या दुकानातून रोल धुऊन आला. बाईंनी आठही फोटो टेबलावर मांडले. सहा नंबरवर एकावर एक दोन फोटो उमटले होते: दादांचा कोट होता, पाय होते आणि चेहऱ्याच्या जागी वसुधाच्या वडिलांचा चेहरा, खाली त्यांची वेताची खुर्ची. दादांचा एक कान तेवढा वेगळा ओळखू येत होता. सात नंबरवर तिचे वडील पुन्हा, त्याच खुर्चीत, अगदी स्वच्छ. बाईंनी विचारलं तेव्हा ही साळसूदपणे म्हणाली, "हिनं किल्ली फिरवलीच नव्हती, बाई. बटण दाबल्यावर खिडकीत बघितलं तर अजून सहाच! मग मी फिरवून माझा काढला." चोराच्या उलट्या बोंबा! मी ओरडले, "तूच फिरवते म्हणालीस ना!" पण बाईंनी मलाच विचारलं, "नियम काय होता?" सगळ्या मुलींसमोर माझं नाव मंडळातून काढलं. वसुधा वहीत मान खाली घालून सुवाच्य अक्षर काढत बसली.

पौषात दादा भोपाळला न्यूमोनियानं गेले. तार पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं, आम्हाला तोंड दिसलं नाही. वसुधा तिच्या आईबरोबर भेटायला आली. माझ्या आईनं तोच फोटो मांडीवर घेतला होता आणि नखानं चेहरा खरवडत होती, वरचा काढला तर खालचा दिसेल म्हणून... वसुधानं ते पाहिलं. अगदी समोर बसून पाहिलं. तेव्हा तरी बोलायचं! चहा पिऊन निघून गेली. आई मरेपर्यंत म्हणत राहिली, "तू एक किल्ली फिरवली असतीस तर..." ह्याबद्दल मी कुणाला माफ करू?

मैत्री का तोडली नाहीस, असं कुणी विचारेल. अहो, आमच्या लष्कर भागात मराठी घरं किती, भांडून जायचं कुठं? आणि तोडली असती तर तिला सुखच झालं असतं. मी तिला सोडायची नव्हते. तिच्या मुलीच्या लग्नात काळी साडी नेसून गेले. तिचं श्रीखंड फक्कड झालं तरी "वेलची जास्त पडली" म्हणाले, दर वर्षी. नोकरी लागल्यावर मी स्वतःचा कॅमेरा घेतला. किल्ल्यावर सहलीला गेलो तेव्हा तिला कठड्याशी उभी केली, डोळ्याला कॅमेरा लावला आणि सरळ विचारलं, "वसुधा, त्या दिवशी मुफ्तचा फोटो काढलास ना?" ती खळखळून हसली. "बाई गं, अजून तेच घेऊन बसलीस?" मी बटण दाबलं. नाही म्हणाली नाही, हो म्हणाली नाही. त्यानंतरही विचारत राहिले. कधी तिला ठसका लागायचा, कधी कुकर आठवायचा. ताकास तूर लागू दिली नाही बाईनं.

दहाव्याच्या दिवशी सून आली. "मावशी, आईंचा ढंगाचा एक फोटो नाहीये आमच्याकडे. एक तर कट झाल्यात, नाही तर आँखें बंद. आपके पास तो होगा ना?" मी म्हणाले, "नाही गं." शेवटी त्यांनी पासबुकावरचा फोटो मोठा करून हार घातला. त्यात ती बिचकलेली, मान आखडलेली दिसते. तेराव्याला मी समोर बसून पोटभर पाहिला आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

किल्ल्यावरच्या फोटोची निगेटिव्ह माझ्या कपाटात आहे. वसुधाचा एवढा सुंदर फोटो दुसरा नाही, हे मीच सांगते. सव्वा महिना झाला, चहा झाला की ती खिडकीच्या उजेडात धरून बघायची मला सवय लागली आहे. निगेटिव्हमध्ये सगळं उलट असतं. तिची काळीभोर वेणी पांढरीशुभ्र दिसते, म्हातारपणी झाली होती तशी, आणि त्या पांढऱ्या केसांनिशी ती माझ्याकडे बघून हसते... सूनबाई, हे वाचलंस तर ये. रडू नकोस, पाया पडू नकोस. दारात उभी राहून एवढंच म्हण, "मावशी, किल्ली फिरवली नाही ती आमच्या आईंनी. चूक तुमची नव्हती." म्हणालीस की निगेटिव्ह तुझी. वसुधानं कधी म्हटलं नाही, निदान त्या घरातल्या कुणीतरी म्हणावं. फक्त जरा मोठ्यानं म्हण, मला हल्ली कमी ऐकू येतं.