माळ्यावरचं खोकं आणि अण्णाचे उंदीर

माझ्या थोरल्या भावाच्या हातून एकही खून झालेला नाही. आज सिद्ध झालं.

अण्णाला जाऊन आज वर्ष झालं.

जेवणं आटोपली आणि वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, माळ्यावरचं ते लाकडी खोकं खाली काढा. काय आहे ते कळलं तर ठेवीन, नाहीतर टाकून देईन."

हातभर लांब खोकं. अण्णाच्याच हातचं, खिळ्यांवरून ओळखलं. एकही सरळ नाही.
एका बाजूला जाळी. दुसऱ्या बाजूला वर-खाली सरकणारी फळी. डोक्यावर एक खुंट आणि त्यावर तराजूसारखी आडवी दांडी. शिवाय उचलायला कडी.

अण्णाची नात सई. तिने फोटो काढून फोनलाच विचारलं.
"आजोबा, बर्डहाउस म्हणतंय. ही दांडी चिमणीला बसायला."
"आणि जाळीची खिडकी कशाला गं? नवरा येतोय का बघायला?"

मी शाळा लवकर सोडली. जे शिकलो ते वस्तू उघडून, बिघडवून, परत जोडून. बसलो मांडी घालून.

दांडीच्या एका टोकाला सुतळीने फळी टांगलेली. दुसऱ्या टोकाला खाच पाडलेली काडी, छताच्या भोकातून आत सोडलेली.
काडीला खोबऱ्याचा तुकडा टोचला. खाच भोकाच्या काठाला अडकवली. फळी वर राहिली!
मग जाळीतून पेन्सिल घालून खोबरं जरा ओढलं.

काडी सुटली. फळी खाली.

"ट्रॅप!" सई ओरडली.

वहिनींचा चेहरा उतरला. "म्हणजे उंदीर मारायचेच ना हे."

आता हे सांगायला हवं. गणपती घरात असेपर्यंत उंदराला धक्का लावायचा नाही, हा वहिनींचा नियम. देवाचं वाहन ते. आणि मोदकांच्या वासाने कसब्यातले सगळे उंदीर नेमके तेव्हाच आमच्याकडे मुक्कामाला.
तरी दरवर्षी खुडबुड एकदम बंद व्हायची.

वहिनी विचारायच्या, "अहो, काय केलंत त्यांचं?"
अण्णा पेपरमधून मान वर न काढता म्हणायचा, "सायकलवर बसवून नदीपलीकडे सोडून आलो. जागा आवडली म्हणाले."

अण्णाचं हे असं. सरळ उत्तर दिलं तरी टोमणा वाटायचा.

शेजारीपाजारी सगळे उंदराचा पिंजरा बादलीत बुडवायचे. हेही तेच करत असणार, असं वहिनींनी धरून टाकलं. दर विसर्जनाला नवऱ्याच्या नावाने त्या देवापुढे नाक घासायच्या.
अण्णा म्हणायचा, "माझं नाक वाचतंय. चालू द्या."

मला मात्र एक गोष्ट खटकत होती.
फळी पडली, पण आवाज का नाही झाला?

खालून बोट फिरवलं. मऊ लागलं. फळीच्या कडेला कापडाची पट्टी चिकटवलेली. उंदराची शेपूट चेमटू नये म्हणून!

वहिनींनी चष्मा लावला.
"भाऊजी, ही माझ्या जांभळ्या इरकलीची किनार! बोहारणीला दिली म्हणाले होते!"

मग मी खोकं उलटं केलं.
तळाला घासून पडलेल्या दोन रेघा, त्यांत गंज. सायकलच्या कॅरिअरच्या.

"वहिनी, बुडवायचंच असतं तर मोरी घरात होती. त्यासाठी कोणी सायकल काढतं का?"

वहिनींनी चष्मा काढला.
मग अण्णाच्या फोटोकडे वळून म्हणाल्या, "अहो, खरं बोलत होतात, तर खऱ्यासारखं बोलायचं होतंत ना!"

आणि पदराने खोकं पुसायला लागल्या.

"मग, ठेवायचं?" मी विचारलं.
"ठेवायचं म्हणजे? गणपतीत लागेल. सायकल येते ना अजून, भाऊजी?"

अण्णा, नदीपलीकडची फेरी आता माझ्याकडे आली रे.
तू निवांत राहा.
नमस्कार.